ताडपत्रीचे चार दोर

नव्या ताडपत्रीला एक वास असतो. तापलेल्या मेणाचा, कोऱ्या सुती कापडाचा आणि कुठेतरी तळाशी दडलेल्या रॉकेलचा असा तो मिश्र गंध ज्येष्ठातल्या एका दुपारी ब्रह्मपुरीच्या बाजारात माझ्या नाकात शिरला, आणि आज इतक्या वर्षांनंतरही एखाद्या मालमोटारीच्या शेजारून जाताना तो अवचित आला, तर माझ्या तळहातांना घाम फुटतो. कुणाला सापाची भीती वाटते, कुणाला विहिरीत वाकून पाहण्याची. मला एका कापडाची वाटते. हे सांगताना माझे मलाच हसू येते, पण हसून झाल्यावरही भीती आपल्या जागेवरच असते.

नव्वदीचे दशक सरत आले होते. मी आरोग्यसेविका म्हणून मुलचेऱ्याच्याही पुढच्या एका उपकेंद्रात नुकतीच रुजू झाले होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, एक तराजू आणि भोवताली डोळे थकतील एवढे जंगल. पावसाळ्यात वाटेतले नाले भरले की तिथली गावे बेटांसारखी सुटी पडत. माझ्या आधीच्या सिस्टरने कपाटाची किल्ली हातात देताना एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की फिरतीवर निघताना ताडपत्री बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, कारण दोन नाल्यांच्या मध्ये अडकलीस तर तेवढेच तुझे घर. म्हणून सुट्टीत ब्रह्मपुरीला माहेरी आले, तेव्हा मी चाचांच्या दुकानात गेले. ताडपत्र्या आणि बैलगाडीवरची छते शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. सारा बाजार त्यांना चाचाच म्हणे. पायाने चालणाऱ्या त्यांच्या अवजड मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई, आणि दुकानात माणसांपेक्षा कापडाचे गठ्ठेच जास्त ऐसपैस बसलेले असत.

चाचांना वस्तू विकण्यापेक्षा ती शिकवण्यात अधिक रस होता. त्यांनी एक ताडपत्री उलगडून दाराशी, उन्हाच्या दिशेने धरायला लावली. "पहिले उजेडात धरा बाई. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला, तं तिथूनच पाणी येते." मग काठ चिमटीत धरून दाखवला, त्यात दोर शिवलेला आहे की नुसताच दुमडलाय ते पाहायला सांगितले, आणि काठावरच्या छल्ल्यात, म्हणजे दोर ओवायच्या कडीत, करंगळी घालून असा जोराचा हिसका दिला की मीच दचकले. "वारा कापड नाई फाडत. वारा छल्ला उपटते." त्यांनी मधोमध तांब्याभर पाणी ओतून खालून हात फिरवायला लावला. सुती दोर भिजला की आकसतो म्हणून गाठ जरा सैल ठेवायची, कापडाला एका बाजूला उतार द्यायचा, नाहीतर पोटात पाणी साचून सगळे डोक्यावर येते, आणि भिजलेल्या कापडाला आतून कधी बोट लावायचे नाही, लावले की नेमके तिथूनच गळायला लागते, असे सगळे त्यांनी मला एखाद्या पोरीला पाढे शिकवावेत तसे शिकवले. मी मान डोलावत होते खरी; मनातून मात्र मला घाई झाली होती.

कारण माझी निवड आधीच झाली होती. कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या हातची एक जाड, मेण चढवलेली, गर्द हिरवी ताडपत्री घडी घालून ठेवली होती. टाका न् टाका देखणा होता. तिच्याशेजारी निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्यांचा ढीग आणि काळ्या पातळ प्लास्टिकची, तिकडे झिल्ली म्हणतात तिची, गुंडाळी होती. मी हिरवीवर हात ठेवला आणि चाचांचा चेहरा उतरला.

"हे तिकडं नेऊ नोका बाई."

"काऊन जी चाचा?"

त्यांनी मशीन थांबवले. "हा रंग तिकडं दोघायचाबी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "काळी झिल्लीबी तशीच. तुमी निळी न्या. निळी कोणाचीच नाई."

निळ्या झेंड्याच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला निळा कुणाचाच नाही असे सांगणाऱ्या या भल्या माणसाचे मला हसू आले. नोकरीचा हुकूम हाती आल्यापासून घरीदारी जो तो मला घाबरवत होता; 'तिकडे' हा शब्द उच्चारतानासुद्धा लोक आवाज खाली आणत. जंगलात बंदुका घेऊन फिरणारे दोन्ही बाजूंचे लोक आहेत, पोलीसही आणि नक्षलवादीही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांच्या भीतीने मी कापडाचा रंग ठरवावा, हे माझ्या तापट स्वभावाला मानवेना. निळे प्लास्टिक मला जत्रेतल्या दुकानासारखे वाटले. हिरवीवर चिखल दिसणार नाही, असा एक गृहिणीछाप मुद्दा मी पुढे केला. चाचांनी चारही कोपऱ्यांना नवे दोर ओवून दिले आणि गठ्ठा माझ्या हाती ठेवला.

श्रावण लागला. पाऊस दोन दिवस उघडला होता. हवेत ओल्या सागपानांचा, कुजट गवताचा आणि कुठे कुठे रानहळदीचा वास दाटला होता, आणि भाताच्या बांध्या हिरव्या काचेसारख्या चमकत होत्या. त्या सकाळी मी जैनीला पाहायला गेले. वय एकोणीस-वीस, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिच्या पायावर बोट दाबले तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे ती म्हणाली. मी दंडाला पट्टा गुंडाळला आणि पारा जिथे यायला हवा होता त्याच्या कितीतरी वरच ठोके ऐकू येऊ लागले. असा रक्तदाब चढलेल्या बाईला झटके येऊ शकतात, आणि एकदा झटके सुरू झाले की आई आणि मूल दोघांचाही भरवसा नसतो. माझ्या पेटीत त्यावर काहीही नव्हते. जे होते ते तीन तासांच्या पायवाटेपलीकडच्या दवाखान्यात होते.

जैनीच्या नवऱ्याने, पांडूने, वेळ घालवला नाही. खाटेच्या चारी पायांना दोर बांधून वरून लांब बांबू घातला गेला, त्याचे तीन भाऊबंद आले, आणि आम्ही निघालो. खाटेवर जैनी, चार पुरुष, जैनीची सासू मासेबाई, आणि पाठीवर ताडपत्री बांधलेली मी. पहिला नाला गुडघाभर होता, तो ओलांडला. अर्धी वाट सरली तोच आभाळ एकाएकी खाली उतरले, आणि असा पाऊस सुरू झाला की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. दुसऱ्या नाल्याशी पोचलो तेव्हा त्यात पाणी नव्हते, लाल चिखलाचा लोंढा होता, आणि त्यातून एक आख्खे झाड मुळांसकट निघाले होते. मागे फिरावे, तर पहिलाही भरला असणार. आणि नेमक्या त्याच वेळी जैनीला कळा सुरू झाल्या.

मला नाल्याकाठची सपाट वाळू बरी वाटली होती. मासेबाईने नुसता हात धरून मला वर चढावाकडे ओढले, आणि थोड्याच वेळात ती वाळू पाण्याखाली गेली. चढावावर जुन्या तोडीची मोकळी जागा होती, नुसते बुंधे उरलेले. कडेच्या मोठ्या झाडांखाली जावे, तर विजा कडाडत होत्या. पुरुषांनी कुऱ्हाडीने दोन बेचक्याच्या फांद्या तोडून रोवल्या, खाटेचा बांबू त्यांवर आडवा टाकला आणि त्यावर माझी हिरवी ताडपत्री पसरली. मी चाचांचे सगळे पाढे मनात म्हणत होते. उतार दिला, गाठी सैल ठेवल्या, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. पहिल्याच वावटळीने त्या पिचपिचीत मातीतून चारही खुंट्या एका दमात उपटल्या, आणि कापड जैनीच्या तोंडावर आपटले.

"आत या आणि कोपरे धरा," मी पुरुषांना ओरडून सांगितले. कुणी हलले नाही.

पांडू खाली बघत म्हणाला, "आमाले नाई येता येत बाई तिथी. तो आता कुर्मा झाला."

कुर्मा म्हणजे त्या गावांतली बायकांची वेगळी झोपडी. विटाळाच्या दिवसांत बाई तिथे राहते, बाळंतपणातही तिला दूरच ठेवतात, आणि पुरुष तिथे पाऊल टाकत नाही. या प्रथेवर मी आल्या दिवसापासून दातओठ खात होते. शिवाशीव काय असते हे माझ्या आजोबांनी अंगावर सोसले होते आणि छप्पन्न साली धम्म घेताना ती उंबऱ्याबाहेर टाकली होती. ती पुन्हा इथे, विजांच्या कडकडाटात, एका मरणाच्या दारातल्या बाईच्या डोक्यावरच्या कापडावर येऊन बसलेली पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते चौघे भिजत उभेच राहिले. मासेबाई माझ्याशी वाद घालायला थांबलीच नाही. तिने खाटेचे रिकामे झालेले दोर सोडले, ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांच्या दोरांना जोडले, आणि एकेक टोक एकेका पुरुषाच्या हाती दिले. मग ते चौघे चार दिशांना सात-आठ पावले लांब गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि दोर मनगटाला गुंडाळून वाऱ्याशी ओढाताण करू लागले. ताडपत्री ताठ झाली. आत अंधुक हिरवा उजेड पसरला, पाण्यात बुडून वर पाहावे तसा.

त्या उजेडात किती वेळ गेला कोण जाणे. जैनी मासेबाईच्या छातीला पाठ टेकून अर्धवट बसली होती. प्रत्येक कळेनंतर मी तिचे डोळे पाहत होते, बुबुळे फिरत तर नाहीत ना, जबडा आवळत तर नाही ना. एकदा तिने वेदनेने हात वर झोकला, तो कापडाला लागला, आणि लागला तिथून पाण्याची धार सुरू झाली. मी तिची जागा सरकवली. मला खूप भीती वाटत होती, पण ती भीती माझ्या ओळखीची होती. तिच्याशी कसे वागायचे हे मला शिकवलेले होते.

मग कापड थरथरले. वारा नव्हता, तरी थरथरले. चारही दोर एकदम ताणले गेले, जणू बाहेरच्या चौघांनी एकाच वेळी श्वास आत घेतला होता. ताडपत्रीच्या काठाखाली वीतभर फट होती, त्यातून मी वाकून पाहिले. तीसेक पावलांवर बूट उभे होते. चिखलाने भरलेले, आठ-दहा जोड. बुटांच्या वरच्या विजारी माझ्या डोक्यावरच्या कापडाच्याच रंगाच्या होत्या.

त्या क्षणी, आतून नव्हे, त्यांच्या डोळ्यांनी मी आमचा निवारा पाहिला. जंगलातली एक मोकळी जागा. तिथे गर्द हिरवी ताडपत्री. आणि तिच्या चार बाजूंना, बाहेर तोंड करून, चार पुरुष उभे. कुणाचाही समज झाला असता की हा तळ आहे आणि हे पहारेकरी. हे लोक या बाजूचे असोत की त्या बाजूचे, आम्ही त्यांना दुसऱ्या बाजूचे दिसत होतो. चाचा एवढेच सांगत होते, आणि मी मात्र टाके पाहत बसले होते.

कुणीतरी ओरडले. पावसात शब्द कळले नाहीत, भाषाही कळली नाही; हुकूम तेवढा कळला. हात वर करा, असाच तो असणार, कारण मी पांडूची पाठ पाहत होते आणि ती पाठ आक्रसली. पण हात वर गेला नाही. दोर सोडला असता तर कापड त्याच्या बायकोवर पडले असते. चौघांपैकी कुणीही दोर सोडला नाही. पुन्हा हुकूम आला, पहिल्यापेक्षा जोरात, आणि धातूचा एक कोरडा आवाज आला. मी बाहेर जायला हवे होते. माझ्या अंगावर पांढरी साडी होती, मला दोन्हीकडचे लोक ओळखत असत, मी दोन शब्द बोलले असते तर पुरे झाले असते. मी गेले नाही. मी केले ते एवढेच, की कळ आली तेव्हा जैनीच्या तोंडावर हात दाबून धरला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी कुणाला सांगितलेली नाही.

आणि मूल आले. मुलगी होती. निळसर, ओली, गप्प. मी बोटाला कापसाची घडी गुंडाळून तिच्या तोंडातला चिकटा काढला. यापुढचे काम माझ्या हातांना डोक्याशिवाय येते. पाठ चोळायची, तळपायावर टिचक्या मारायच्या, आणि ते रडेपर्यंत थांबायचे नाही. त्या आवाजासाठी मी कितीदा तरी जीव मुठीत धरून वाट पाहिली आहे, विनवण्या केल्या आहेत. त्या दुपारी माझे हात थांबले. हिने रडू नये, असे मला वाटले. आत्ता नको, ते जाईपर्यंत नको, असे मला अगदी स्पष्ट, शब्दांत वाटले.

मासेबाईने जैनीच्या खांद्यावरून हात लांब केला आणि पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. एक. मग दुसरी, जोरात. आणि ती पोरगी रडली, केवढ्याने रडली!

बूट पुढे सरकले. तेव्हा मासेबाई उठली, काठ उचलून बाहेर गेली आणि पावसात उभी राहून त्या बंदुकांवर अशी काही खेकसली, की शेतात शिरलेल्या गुरांवरसुद्धा कुणी इतके खेकसत नाही. ती गोंडीत बोलत होती. मला एकच शब्द कळला, कुर्मा. बूट थबकले. मग मी पाहिले ते असे, की त्यातला एक जोड मागे वळला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळ्यांच्या टाचा आमच्याकडे झाल्या. ज्या शब्दावरून मी काही तासांपूर्वी चार माणसांचा उद्धार केला होता, त्याच शब्दाने आठ-दहा बंदुकांनी पाठ फिरवली होती. त्याबद्दल त्या प्रथेचे आभार मानावेत की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी नंतरही तिच्याशी भांडतच राहिले.

थोड्या वेळाने त्या पाठमोऱ्या लोकांतून एका अगदी कोवळ्या आवाजाने काहीतरी विचारले. मासेबाईने एका शब्दात उत्तर दिले. मग बूट झाडांत शिरले आणि पुन्हा नुसता पाऊस ऐकू येऊ लागला.

"काय विचारत होता?" मी मासेबाईला विचारले.

"पोरगा का पोरगी, पुसत होता," मासेबाई म्हणाली आणि नाळ बांधायला दोरा मागू लागली.

त्या चौघांनी दोर सोडले ते तिने हाक मारली तेव्हाच. पांडूच्या मनगटावर दोर मांसात रुतला होता. वार नीट पडली, रक्त बेताने गेले, झटके आले नाहीत. दिवस मावळायच्या आत नाला उतरला, पलीकडे एक जीप मिळाली, आणि रात्री दवाखान्यात जैनीचा रक्तदाब हळूहळू खाली आला. आई वाचली, लेक वाचली. लोक अजून विचारतात, ते होते तरी कोण, या बाजूचे की त्या बाजूचे? मला माहीत नाही. विजारीचा रंग पाहून ते कळत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या कोवळ्या आवाजावरूनही कळले नाही.

मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. माझे हात थांबले ते किती वेळ? एक श्वास, की चार? मासेबाईने टिचकी मारली नसती तर मी पाठ चोळली असती, असे मी स्वतःला हजारदा सांगितले आहे, आणि बहुधा ते खरेही असेल. मला ज्या आवाजाची भीती वाटली, त्या एकाच आवाजाने आम्ही कोण आहोत हे त्या लोकांना सांगितले. भीती माणसाला इतके उलटे शिकवते, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हते. मी स्वतःला धीट समजत होते.

सात वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा जैनी अंगणात धान पाखडत होती आणि तिची लेक शाळेतून आलेली, गावाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशा गळ्याने उजळणी म्हणत होती. गुरुजी तक्रार करतात, शेजारी कानांवर हात ठेवतात, असे जैनी कौतुकाने सांगत होती. मग माझ्याकडे पाहून ती हसली.

"बाई, हिचा आवाज कमी कराची गोळी नाई का तुमच्या पेटीत?"

सारे अंगण हसले. मीही हसले. नाही, अशी गोळी नसते, असे म्हणाले, आणि माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.